पुतणीची सोबत

दोघी जावांचं बोलणं बंद होतं. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या. वर वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी खालच्या खिडकीत ठिबकतं, एवढ्यावरून राईचा पर्वत झाला आणि दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं सोडलं. धाकटीला दिवस गेल्याचंही थोरलीला नवऱ्याकडून कळलं, तेसुद्धा भाजी निवडता निवडता.

थोरली शाळेची व्हॅन चालवायची. आवाज खणखणीत, जीभ त्याहून धारदार. कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि व्हॅन दाराशी धूळ खात उभी राहिली. साथीच्या पहिल्या लाटेत थोरलीलाही तो होऊन गेला. तापाने फणफणली, तोंडाची चव गेली, मग उठली आणि कामाला लागली.

दुसऱ्या लाटेत धाकटीला लागण झाली ती नेमकी दिवस भरत आले तेव्हा. तिला श्वास पुरेना. डॉक्टरांनी सिझेरियन करून मुलगी काढली आणि आईला अतिदक्षता विभागात हलवलं. मुलगी लहानखुरी होती, पण रडली जोरात. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसरी पॉझिटिव्ह आली, आणि त्याच दिवशी बाळाचं अंग तापलं.

लागण झालेल्या बाळांचा कक्ष वेगळा होता. बाळाजवळ घरचं एक माणूस हवं, आणि आत गेलेल्याने बाळ बरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, असा नियम. बाप स्वतःच घरात खोकत पडला होता. धाकटीची आई अंथरुणाला खिळलेली. थोरलीच्या नवऱ्याच्या हृदयात स्प्रिंग घातलेली. शेवटी दिराने खालून वर फोन लावला.

"वहिनी, कुठल्या तोंडाने सांगू..."

"काही सांगू नकोस. सगळं कळलंय मला. पिशवी भरते."

नवरा म्हणाला, "अगं, नीट विचार कर."

"विचार करत बसले तर जायची नाही मी."

कक्षातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, "होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नाही हं."

"ठाऊक आहे. बाळ कुठे आहे?"

काचेच्या पेटीत मुलगी मूठ तोंडात कोंबून पडली होती. अतिदक्षता विभागातून धाकटीचं काढलेलं दूध यायचं. त्यातून रोग जात नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सिस्टरांनी चमच्याने पाजायला शिकवलं. थोरली मास्कच्या आतून घामाघूम व्हायची, चष्म्यावर वाफ धरायची, अर्धं दूध बाळाच्या गळपट्टीवर सांडायचं.

"हिला हे लागलं कुणाकडून?" तिने एकदा विचारलं.

"शोधून काय करणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरलीला ते पटलं. पुन्हा तिने विचारलं नाही.

मग बाळ दूध घेईनासं झालं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगी पडू लागली. सिस्टरांनी नाकाशी बारीक नळी लावून ऑक्सिजन सुरू केला. थोरली स्टुलावर बसून ती खळगी बघत राहिली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे धाकटी. आवाज खोल विहिरीतून यावा तसा.

"कशी आहे ती?"

इतक्या काळाने तिचा पहिला शब्द हा. थोरलीच्या ओठावर आलं होतं, छान आहे, झोपलीय. पण तिच्याने ते म्हणवेना.

"बरी नाही," ती म्हणाली. "सकाळपासून दूध नाही. दम लागतोय. नाकाला नळी लावलीय. डॉक्टर म्हणतात आजचा दिवस बघू."

आपण फार बोललो की काय, असं थोरलीला वाटून गेलं.

"बरं झालं सांगितलंत," धाकटी सावकाश म्हणाली. "इथे सगळे माझ्याशी गोड गोड बोलतात. एकावरही विश्वास बसत नाही."

"मी कुणाशी गोड बोलले कधी?"

"तेच तर म्हणते, ताई. उद्या बरी आहे म्हणालात, तर मला ते खरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी ती बरी नव्हतीच. थोरलीने तसंच सांगितलं. त्यानंतर ताप उतरला, खळगी भरत आली, आणि एका दुपारी मुलीने चमचाभर दूध गिळून पुढच्यासाठी तोंड वासलं. थोरलीने लगेच फोन लावला. "बरी आहे," एवढंच म्हणाली. पलीकडे धाकटी हुंदके देऊन रडली. थोरलीने तिला रडू दिलं.

बाळाला सुटी मिळाली तेव्हा आधीच बरी झालेली धाकटी कक्षाच्या दाराशी भिंत धरून उभी होती, वाळून काडी झालेली. थोरलीने मुलगी तिच्या हातात दिली, दुधाच्या वेळा सांगितल्या आणि येताना आवारात लावलेली व्हॅन आणायला निघून गेली. गाडीत बसल्यावर हात रिकामे रिकामे वाटले. ते काही तिला आवडलं नाही.

बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडणंही सुरू झाली. टोपरं घालावं की घालू नये, तेल कोमट हवं की गार, अंघोळ सकाळी की दुपारी. दोघीही हट्टी, एकही मागे सरत नाही. मुलगी आता रांगते, दिसेल ते तोंडात घालते. ती जिच्या कडेवर असते, तिचा आवाज तेवढा वेळ खालच्या पट्टीत असतो.