तिसरं पॅनल

"तुझा विश्वास बसणार नाही," शिडी धरून उभा असलेला म्हातारा छपराकडे तोंड करून म्हणाला, "कुणाचाच बसत नाही. पण इथे थंडीत सूर्याला ताप चढतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या कोंबडीला त्या पॅनलांवर बसायची सवय लागली, तर पठ्ठी उकडलेली अंडी द्यायला लागली. मी नुसतं मीठ घेऊन उभा राहायचो."

छपरावरचा फिटर हसला. "सोलून नाही द्यायची?"

"तेवढी शिकलेली नव्हती."

जन्मभर ट्रक चालवलेल्या म्हाताऱ्याला ऐकणारा मिळाला की तो खुलायचा. पण विजेची तारही न पोचलेल्या या टेकडीवर ऐकायला येणार कोण? थंडी पडली की सोलर बंद पडे, तो लेकीला फोन करी, आणि ती म्हणे, "अण्णा, हात लावू नका. मी येते." यंदा फोन तिच्या सोलरच्या ऑफिसातल्या कुणीतरी उचलला. ताई बाहेरगावच्या कामावर आहेत म्हणाला, आणि हा फिटर पाठवून दिला.

फिटर खाली उतरला. भिंतीवरच्या इन्व्हर्टरचं लेबल त्याने अंगठ्याने पुसलं, वाचलं आणि पुन्हा वर पाहिलं.

"तीन पॅनल एकामागे एक जोडलीत. या इन्व्हर्टरला दोनच झेपतात. दुपारी तिसरं खपून जातं, पण गारठ्यात पॅनलचं व्होल्टेज चढतं. कडाक्याच्या सकाळी घोटाळा होणारच. कुणी जोडलं हे?"

"माझ्या लेकीने."

"ताईंनी?" फिटरचा अंगठा लेबलावरच राहिला. "काका, पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला हेच शिकवलं. हिशेब गार सकाळचा करायचा, दुपारचा नाही. मी एकदा चुकलो, तर सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली होती."

त्याने शेजारची छोटी डबी उघडली.

"व्होल्टेज चढलं की ही आधी बंद होते, म्हणजे इन्व्हर्टर जळत नाही. ऊन तापल्यावर हे बटण दाबलं की झालं सुरू. तुम्हाला नव्हतं माहीत?"

"ती म्हणते हात लावू नका. मग मी नाही लावत."

फिटर डबीकडे बघत राहिला. "ही वेगळी आणून बसवलीय," तो हळूच म्हणाला. "चुकून चुकणारा माणूस चुकीची एवढी काळजी घेत नाही."

म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. दर हिवाळ्यात ती शिडी चढायची, वर जरा खुडबुड करायची, 'उद्या बघते' म्हणत उतरायची. तिचा तो उद्या आठवडाभर चालायचा. संध्याकाळी चहाचा कप हातात धरून पाय पोटाशी घ्यायची आणि म्हणायची, उलट्या पळालेल्या ट्रकची सांगा ना, अण्णा. शंभरदा ऐकलेली.

"दहा मिनिटांचं काम," फिटरने पिशवीतून पाना काढला. "तिसरं पॅनल सोडवतो. मग पुन्हा बंद पडायचं नाव नाही. कुणाला एवढी टेकडी चढायला नको."

त्याने पायरीवर पाय ठेवला. म्हाताऱ्याने शिडी धरली, पण ती हलू नये म्हणून नव्हे.

"अरे, राहू दे. थंडीबिंडीचं काही नाही. काल झाडताना डबीला माझाच हात लागला. म्हणून बंद झालं."

फिटरने पाय खाली घेतला. एकदा वर तिसऱ्या पॅनलकडे पाहिलं.

"ताई सोमवारी परततात," मग तो म्हणाला. "तोवर कंदिलावर काढाल?"

"माझा कंदील तू पाहिला नाहीस. पलीकडच्या टेकडीवरची माणसं त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवतात."

फिटरने पाना पिशवीत टाकून चेन ओढली. बटण न दाबताच डबीचं झाकण लावलं.

"काका, अंडी मानली. कंदीलही मानला," तो म्हणाला. "पण तुमचा हात लागला, हे मात्र खोटं."