झुंबरबाईची चरवी

त्र्याहत्तरच्या वैशाखात झुंबरबाई मेली ती बसल्या जागी, भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन. सून शालूबाई चुलीपाशी होती. तिनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा उठून म्हातारीचा खांदा हलवला, आणि मग पदराचा बोळा तोंडात कोंबून गप्प बसली. रडणं बाहेर जाऊन चालणार नव्हतं.

कारण गावात कायदा होता. सरकारचा नव्हे, सरपंच भगवानरावांचा. गावविहिरीत नुसता झिरा उरला होता, म्हणून माणशी एक चरवी पाणी, दिवसातून एकदा, भर दुपारी. कागदावर नाव असेल त्यालाच. काही घरांनी परत गेलेल्या पाहुण्यांची नावं तशीच चालवली, तेव्हा नवं कलम निघालं: आजारी असो की आंधळा, माणूस विहिरीवर आलाच पाहिजे, आणि नाव पुकारल्यावर त्यानं 'हाव' म्हटलंच पाहिजे. मेला की त्याच घडीला पुकारा करणाऱ्या कडूबाला सांगून नाव खोडायचं. पंधरवड्यापूर्वी महादेवराव गेले, त्यांना राख लावून कोरडंच पुसलं आणि नेलं. आणि हा कायदा करणाऱ्याच्या मळ्यात इंजिन दिवसभर भकभकत होतं, मोसंबीची आळी तुडुंब भरत होती. मळा विहिरीच्या वरच्या अंगाला. गावाचा झिरा कोण पितं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलायचं कोणी? घसा कोरडा पडला की माणसाचा कणाही सुकतो.

झुंबरबाईनं चार महिने अंगाला पाणी लावलं नव्हतं. आपली चरवी ती दोन्ही नातींना पाजायची. सुनेकडून तिनं एकच मागितलं होतं. "शालू, मले अशी मळकी नोको नेजो. एक चरवी आंगावर घालजो. माहीच घालजो, पोरीयची नोको घेऊ." शालूबाईनं तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

तिचा नवरा निवृत्ती खडी फोडायच्या कामावर निघाला होता. आईकडे पाहून तो मटकन खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "कडूबाले सांगून येतो."

"सांगतलं की नाव खोडलं. मंग मायले काह्यानं धुता? थुक्यानं?"

"मंग काय करतं तू?"

"दुपारपावतर मेली नाही ती. पाठीवर घ्या अन् चला."

"अन् हाव कोन म्हनीन?"

"मी म्हनीन, तोंडावर पदर घेऊन."

दुपारपर्यंत म्हातारी बसल्या आकारातच ताठली, त्यामुळं पाठीवर नीट बसली. शालूबाईनं तिचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि दुपट्ट्यानं दोघांना आवळून बांधलं. मागं दोन्ही पोरी आपापली चरवी घेऊन. त्यांना सांगितलं होतं, आजीला झोप लागली आहे. ऊन असं की पायाखाली सावली नाही. गल्लीत कुत्रं नाही, कावळा नाही. फक्त मेलेल्या पायांच्या टाचा निवृत्तीच्या कमरेवर ठक ठक वाजत होत्या.

विहिरीवर माणसं ओळीनं बसली होती. शेजारची अन्नपूर्णाबाई म्हणाली, "काय वं शालू, सासूले काह्याच्या जत्रेले नेऊन राह्यली?"

"शेगावले. तुमी येता का?"

दोघीतिघी हसल्या. विहिरीच्या कठड्यावर कडूबा कागद घेऊन उभा होता. त्यानं निवृत्तीचं नाव घेतलं, शालूबाईचं घेतलं, पोरींची घेतली. चार चरव्या भरल्या.

"झुंबरबाई पुंजाजी."

शालूबाईनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. आवाजच निघेना. तिनं आवंढा गिळायला पाहिलं, तर गिळायलाही काही नव्हतं.

"हाव."

आवाज बारीक, चिडका. झोपेतून उठवल्यावर म्हातारी द्यायची तसा.

"बुढी लई खेकसली आज," कडूबा म्हणाला आणि त्यानं पाचवी चरवी भरली.

वाटेत निवृत्ती हळूच म्हणाला, "मायचा आवाज बराबर काढला तू."

"मी कुठी बोलली? मले वाटलं तुमी."

तो थांबला. खांद्यावरच्या तोंडाकडे त्यानं वळून पाहिलं नाही. पुन्हा चालू लागला तेव्हा म्हणाला, "कानाशी गार लागलं होतं."

घरी आल्यावर शालूबाईनं म्हातारीच्या नाकापाशी तळवा धरला. काही नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात मुंग्या लागल्या होत्या. मेली ती मेलीच होती.

धाकटी पोरगी ओठ चाटत चरवीपाशी येऊन उभी राहिली. "माय, आजीची चरवी आमाले ना?"

पोरीच्या ओठांना भेगा पडून रक्त आलं होतं. शालूबाईनं आपल्या चरवीतलं घोटभर पोरीला दिलं. "आज आजीची आजीले," ती म्हणाली, आणि म्हातारीच्या डोक्यावर पाणी ओतलं. थेंब राखला नाही.

पाणी उंबऱ्याखालून गल्लीत गेलं. त्या गल्लीत चार महिन्यांत पाणी वाहिलं नव्हतं. दारं उघडली. अन्नपूर्णाबाई धावत आली, काही न विचारता उकिडवी बसली आणि पदराचं टोक त्या ओघळात बुडवलं. आणखी दोघी बसल्या. पदर पिळता पिळता तिला उमगलं.

"गेली का वं?"

"सकाळीच."

"सकाळी?"

तिच्या हातातला पदर सुटला. विहिरीवर होत्या त्या सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

तासाभरात कडूबाला घेऊन भगवानराव आले. "मुडद्याच्या नावावर पानी उचललं. तुमच्या घरचं आठ दिवस बंद."

शालूबाई ओल्या हातानं दारात उभी राहिली. सरपंचासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती. "नाव तुमच्या मानसानं पुकारलं, हाव तिनं म्हनलं. कायदा तुमचाच व्हय ना, दादासाहेब?"

"कोन म्हनलं बे हाव?" त्यांनी कडूबाला विचारलं.

कडूबानं गल्लीकडे पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. त्यानं कागद आणि पेन्सिल पुढं केली. "मालक, तुमीच खोडा."

भगवानरावांनी पेन्सिल घेतली. टोक नावावर टेकवलं. आत, भिंतीशी, धुतलेली म्हातारी बसली होती. तोंड दाराकडे होतं.

त्यांनी पेन्सिल परत दिली. "राहू दे आजच्या दिवस."

तो आजचा दिवस मिरगाच्या पावसापर्यंत चालला. नाव खोडायची कोणाची छाती झाली नाही. कडूबा रोज पुकारायचा, "झुंबरबाई पुंजाजी," आणि लगेच, उत्तर यायच्या आत, घाईघाईनं चरवी भरून शालूबाईच्या हातात कोंबायचा. ती चरवी पोरी प्यायच्या. शालूबाई मात्र ती कमरेवर घेऊन विहिरीपाशी क्षणभर रेंगाळायची, आणि मागचा माणूस तिला पुढं ढकलायलाही भ्यायचा.