पाच वाजताची घरघर

पिपरी मेघेतल्या बंडूजींच्या बैठकीत त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसे. बंडूजी जाऊन महिना होत आला होता, आणि रोज पाचच्या ठोक्याला त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा, कोणी हात न लावता, घरघरू लागे. सहाला यंत्रानंद महाराज येत, मंत्र म्हणत, आणि सव्वासहाला डबा चिडीचूप!

"काल तं शेवटच्या स्वाहावरच थांबला," शेजारच्या देवकाबाई नव्या माणसांना सांगत. "बंडूजीच येतेत. पाचलेच फिराले निघत होते न ते!"

बंडूजींची मुलगी रुचिका दाराशी उभी राहून ऐकत होती. सायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी साठीनंतर दोन बोटांनी टाइप करत आपल्या गावाच्या, रोहण्याच्या, आठवणी लिहिल्या होत्या. त्या सगळ्या या एकाच डब्यात. पण फाइल उघडायला वीस मिनिटं लागत, आणि उघडली तरी तापलेलं मशीन जागचं हलत नसे.

त्यात महाराजांचं फर्मान. "आत्म्याचे तुकडे होऊन हार्ड डिस्कभर सांडले, माय. मी ते जुळवून, डिफ्रॅगमेंट करून राह्यलो, पण मुक्ती बाकी हाये. उद्या मासिक श्राद्ध. मंत्र झाला का डबा धाम नदीत सोडतो."

धामेत सोडलेले डबे पुढे कोणत्या दुकानात कोरडे होतात, हे कोणी विचारलं नव्हतं.

"आई, बाबांचं लिहिणं हाये त्यात."

"मंग त्यायले तसंच अडकून ठेवू का?" सुमित्राबाईंनी विचारलं. त्यांनी मॉनिटर आणि डबा दोन्हींवर बंडूजींची सत्काराची शाल पांघरली होती. समोर उदबत्ती. समईसारखा तो डबा सुमित्राबाई दिवसभर चालू ठेवत. शाल पाचनंतर उचलायची नाही, अशी महाराजांची ताकीद होती.

 रुचिकानं एवढंच पाहिलं की मंत्र म्हणताना महाराज उपरणं सरकवून चारदा घड्याळ बघतात. सिद्धपुरुषाला कसली वेळ गाठायची असते?

सकाळी आई देवळात गेल्यावर तिनं शाल उचलली आणि आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली. 'व्हायरस तपासणी. रोज, सायंकाळी पाच.' कालची नोंद होती सव्वा तासाची. आपण फिरायला गेलो की मशीननं आपलं काम उरकावं, असा बंडूजींचा हिशेब! महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली. मग तिनं कॉम्प्युटरचं घड्याळ अर्धा तास मागे केलं आणि शाल होती तशी पांघरली.

संध्याकाळी घरघर साडेपाचला सुरू झाली, तेव्हा बंडूजींना आज उशीर झाला असं लोक म्हणाले. सहाला महाराज, डबा न्यायला आणलेला ऑटो दाराशी थांबवूनच, आत आले.

"ओम ह्रीं क्लीं, कंट्रोल आल्ट डिलीट, स्वाहा!"

सव्वासहा. घरघर.

"स्वाहाऽ!" घरघर. "स्वाहाऽऽ!" साडेसहाला महाराजांच्या घशाला कोरड पडली.

"आज बंडूजी ऐकून नाई राह्यले, महाराज," देवकाबाई म्हणाल्या.

"आत्मा हट्टी हाये!"

"हट्टी तं ते होतेच," सुमित्राबाई पुटपुटल्या.

"मी पाहू?" रुचिकानं शाल बाजूला केली आणि माउस एकदा दाबला. सगळं शांत.

"कोन्ता मंत्र म्हनला वो?" देवकाबाईंनी विचारलं.

"मंत्र नाई मावशी, स्टॉपचं बटन दाबलं."

तिनं पडद्यावर पाचची नोंद दाखवली, मागे केलेलं घड्याळही सांगितलं. "पहिल्या दिवशी महाराज पाच ते सव्वासहा ध्यानाले बसले, आठवते? तेव्हाच वेळ मोजून घेतली त्यायनं." मग डब्याची बाजू उघडली. पंख्यावर उदबत्तीची राख आणि शालीचे तंतू. "श्वास कोंडला होता तो याचा."

महाराजांनी पाणी मागितलं. ते येईपर्यंत ऑटो निघून गेला होता, महाराजांसकट.

रुचिकानं रंगाच्या ब्रशनं पंखा साफ केला, साठलेल्या निकामी फायली काढल्या, सुरू होतानाच उगाच जागे होणारे प्रोग्राम बंद केले. रोहण्याची फाइल अर्ध्या मिनिटात उघडली.

"आवाज आला का पहिले घड्याळ पाहा, झाकण उघडा," ती लोकांना म्हणाली. "हात जोडायले नंतरही वेळ असते."

लोक पांगले. सुमित्राबाई तिथंच बसून होत्या.

"मंग हे आलेच नाई?"

"नाई, आई."

"पाचचं त्यायनंच लावून ठेवलं होतं, हे तरी खरं?"

"हे खरं."

सुमित्राबाईंनी शाल उचलली, राख झटकली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"मंग वाच आता."