मंगोलियाची राजधानी

माते गोड लागला.

निबियाने नळीतून त्या कडू पाल्याच्या काढ्याचा एकच घोट घेतला आणि तुंबा टेबलावर ठेवला. साखर घालून केल्यासारखा गोड नव्हता तो. आधी कुणीतरी साखर घालून प्यावं आणि तुंब्याच्या आतल्या भिंतीला थोडी गोडी राहावी, तेवढाच. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पण साल्तो गावातल्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, निबियाचं सगळं आयुष्य गेलं होतं. आंबट कुठे संपतं आणि गोड कुठे सुरू होतं हे तिची जीभ यंत्राच्या आधी सांगायची.

"म्हाताऱ्या, तुंब्यात साखर कुणी घातली?"

"साखर?" तिच्या नवऱ्याने, विल्मारने, तोंड तिच्याकडे वळवलं. नजर मात्र तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लागली. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडल्यापासून तो माणसांकडे असाच पाहायचा, कडेकडेने. "या घरात कधी साखर घातली का आपण?"

"आपण नाही घातली."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि खुर्चीत सावरून बसला. "वाच. आडवा पहिला."

निबियाने पेपरातलं शब्दकोडं उघडलं. या घरात माते कडूच. कडू तुंब्यात साखर घालणं म्हणजे तो बाटवणंच, आणि विल्मारला हे तिच्याइतकंच ठाऊक होतं. गोड पिणारं माणूस गल्लीत एकच होतं. मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडची सुल्मा.

सुल्मा गावच्या रेडिओवर निवेदिका होती. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये प्रार्थना, किती वाजता उचलणार, हे सगळं साल्तोने वर्षानुवर्षं तिच्या तोंडून ऐकलं होतं. विल्मारची आई गेली तेव्हा तिचंही नाव सुल्मानेच वाचलं होतं. "तिच्या आवाजात मरणसुद्धा बरं वाटतं," विल्मार तेव्हा म्हणाला होता. निवृत्त झाल्यावर ती शेजारच्या घरात राहायला आली. बाई पन्नाशीला आल्यासारखी दिसायची, पण खरं वय सत्तरीच्या पुढे. निबियाने हिशेब केला होता.

"जिराफाचा जंगलात राहणारा नातेवाईक," निबियाने वाचलं.

"ओकापी," विल्मार लगेच म्हणाला. "त्याची जीभ इतकी लांब असते, की स्वतःचे कान जिभेने साफ करतो. माहीत होतं तुला?"

निबियाला माहीत नव्हतं. आणि विल्मारलाही माहीत असायचं कारण नव्हतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. नद्या, खिंडी, राजधान्या, कुठल्या देशात कुठलं खनिज, हे त्याचं राज्य. कोडं सोडवताना प्रत्येक उत्तराला तो असं काहीतरी शेपूट लावायचा, पण ते शेपूट कुठल्यातरी नकाशातून आलेलं असायचं. कान साफ करणारं जनावर नकाशात नसतं.

गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. डोळे गेल्यानंतर पहिल्या वर्षी विल्मार कोड्यात अडखळू लागला होता. शब्द यायचे, पण उशिरा. निबिया पेन्सिलीचं टोक चौकोनावर टेकवून थांबायची आणि फारच वेळ गेला की हळूच "असू दे" म्हणून स्वतःच लिहायची. आता अचानक तो पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. प्रश्न संपायच्या आत उत्तर. तिला आनंद झाला होता, बहिणीला फोन करून सांगितलंही होतं. त्या आनंदात आता साखर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन नदीकाठी फिरायला निघाली, पण कोपऱ्यावरच्या बेकरीतून बिस्कोचोचे तुपाळ पाव घेऊन लगेच परत फिरली. पुढचं दार न उघडता गल्लीच्या बाजूने अंगणाच्या फाटकापाशी आली आणि थांबली.

"थांबा हो मास्तर, चष्मा घसरतोय," भिंतीच्या आतून सुल्माचा आवाज आला. भिंतीच्या आतून, म्हणजे निबियाच्या अंगणातून. "हं. पुढचं वाचू?"

"वाच की. की आधी माते घेतेस?"

"तुमचं कडू विष मला नको. मी माझी साखर आणलीये."

मग पेपर उलटल्याचा आवाज. मग सुल्मा काहीतरी हळू म्हणाली आणि विल्मार हसला. पोट धरून, खोकला येईपर्यंत. निबियाच्या हातातल्या कागदी पिशवीला तूप सुटून बोटं ओली झाली. या हसण्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना.

म्हणजे तो कोडं सोडवत होता ते हिच्याबरोबर. आणि नंतर, बाहेर जेवून आलेला माणूस घरच्या ताटाचा मान ठेवावा म्हणून दोन घास खातो, तसं तेच कोडं पुन्हा बायकोबरोबर. ती फाटकापासून मागे वळली, पूर्ण फेरी मारली आणि नेहमीच्या वेळी घरी आली.

भांडण करायचं तिच्या डोक्यात नव्हतं. कारखान्यात एखादा नमुना संशयास्पद वाटला की ती आरडाओरडा करत नसे. शेजारी दुसरा नमुना ठेवायची आणि दोन्ही तपासायची.

त्या दिवशी कोड्यात आडव्या पाचव्याला "बुर्किना फासोची राजधानी" असं होतं. निबियाने चष्मा वर केला आणि पेपरात नसलेलंच वाचलं.

"आडवा पाचवा. मंगोलियाची राजधानी."

"उआगादुगू," विल्मार म्हणाला.

निबियाने पेन्सिल खाली ठेवली. चाळीस वर्षं तो पोरांना मंगोलियाची राजधानी विचारत आला होता. उलान बातोर न सांगणाऱ्या पोराला तो वर्गाबाहेर काढायचा.

"काय झालं? लिहिलंस का?"

"मी मंगोलिया म्हटलं, विल्मार."

मग त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. त्याने हात पुढे करून तुंबा शोधला, सापडला तो धरून ठेवला, प्यायला नाही.

"पेपरात बुर्किना फासो होतं," निबिया म्हणाली. "ती वाचते त्या क्रमाने पाठ करतोस?"

"तू फाटकापाशी होतीस."

"होते."

"मग ऐकलं असशील सगळं."

"तू हसलास ते ऐकलं. माझ्याबरोबर बसून कंटाळतोस तर तसं सांग. उगाच दोनदा कष्ट कशाला? एवढा काय आवाज आहे तिचा!"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस!" विल्मार चिडला. "मला येत नाही, निबिया! शब्द येत नाहीत. जिभेवर येतात आणि परत जातात. आणि तू पेन्सिल टेकवून थांबतेस, मला ऐकू येतं तुझं ते थांबणं. मग म्हणतेस 'असू दे'. असं म्हणतेस की जणू मीच मेलोय आणि सुल्मा रेडिओवर माझं नाव वाचतेय."

"आणि तिच्यासमोर येतात शब्द?"

"तिच्यासमोरही नाही येत. पण तिलाही काही येत नाही. तिला ओकापी म्हणजे चीज वाटलं होतं! आम्ही दोघं अडलो की ती फोनमध्ये बघते, मी ध्यानात ठेवतो. तुझ्यासमोर नीट सांगता यावं म्हणून."

निबियाने पेपराची घडी घातली. हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. नवरा तिच्यासाठीच तर चोरून अभ्यास करत होता. पण बरं वाटलं नाही. तिला मिळत होती ती पाठ केलेली उत्तरं. त्याची अडलेली जीभ, त्याचं चुकणं, त्यावरचं ते हसणं, हे सगळं त्याने भिंतीपलीकडच्या बाईला देऊन टाकलं होतं. सुल्माला तो माणूस भेटत होता आणि बायकोला मास्तर.

संध्याकाळी सुल्मा दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला अंगणात आली तेव्हा निबिया भिंतीशी उभी होती.

"साखर विसरलात वाटतं काल," निबिया म्हणाली. "तुंब्यात."

सुल्माने चिमटा दातांत धरला होता, तो काढला. "मास्तरांनी सांगितलं का? बरं झालं. मी म्हणतच होते, बायकोला सांगा, एवढं काय त्यात."

"तुम्ही म्हणत होतात."

"अहो, रोज म्हणते." सुल्मा हसली आणि मग निबियाचा चेहरा पाहून थांबली. "तुम्हाला राग आलाय."

"आलाय," निबिया म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "उद्या सकाळी मी फिरायला जाणार नाही."

सकाळी ती गेली नाही. विल्मार खुर्चीत अवघडून बसला होता, दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसा. तिने पहिला प्रश्न वाचला. त्याला आला नाही. तिला आला होता. तिने ओठ घट्ट मिटले आणि पेन्सिल कागदापासून लांब, मांडीवर ठेवली.

"नाही येत," तो शेवटी म्हणाला.

"बरं. पुढचा."

पुढचाही आला नाही. तो हसला नाही. निबिया त्या हसण्याची वाट पाहत होती, आणि वाट पाहिली की ते येणार नाही हेही तिला कळत होतं. चौथा प्रश्न तिने वाचला, पुन्हा वाचला. "अल्जियर्सच्या जुन्या सुभेदाराची पदवी. तीन अक्षरं."

मांडीवरची पेन्सिल तिने उचलली आणि परत ठेवली. असे प्रश्न यायचे तेव्हा ती आजवर सरळ पुढचा वाचायची, जणू तो छापलाच नव्हता.

"काय गं?"

"मला येत नाही," निबिया म्हणाली.

"तुला?"

"मला कधीच येत नाहीत हे असले. सुभेदार, पोप, संत. मी गाळते. तुला दिसत नाही म्हणून नव्हे. दिसत होतं तेव्हाही गाळायचे."

विल्मारचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या पोटातून कुठूनतरी सुरू झालं ते हसू. "चाळीस वर्षं!" तो खोकत म्हणाला. "आणि मला वाटायचं, कोडंच सोपं आहे!"

भिंतीपलीकडून पाण्याच्या झारीचा आवाज थांबला. "मास्तर!" तो सुंदर आवाज आला. "अडलं का काही? फोन आहे हातात. बघून सांगू?"

विल्मारने तोंड भिंतीकडे वळवलं. पेन्सिल निबियाने मुठीत इतकी आवळली की कडा रुतल्या.

"नको, सुल्मा," तो म्हणाला. "उत्तर उद्याच्या पेपरातच बघू आम्ही."

झारी पुन्हा सुरू झाली. नुसतं सुल्मा म्हणाला तो. बाई नाही, काही नाही. निबियाने ते ऐकलं आणि मनात ठेवलं. मग तिने पाचवा प्रश्न वाचला, आणि त्याच्या बाजूला सरकून बसली.