पावलांची एकच रांग

"चला, शंभर टक्के! पहिला मान तुमचा," सुरुंग काढणाऱ्या तुकडीचा मुकादम म्हणाला.

हे टोपणनाव ऑपरेटरने स्वतःच्याच तोंडाने कमावले होते. पुरलेल्या सुरुंगांचा माग लावायला तो शेतभर सेन्सरच्या खुंट्या रोवी. त्या बिनतारी एकमेकींच्या कानाला लागत आणि चहाडी त्याच्या लॅपटॉपवर येई. लाल ठिपका म्हणजे सुरुंग. तुकडीने ठिपक्याठिपक्याला उकरून सुरुंग काढले, पुन्हा तपासणी झाली, पडदा हिरवागार. "शेत मोकळं?" कुणी विचारले की उत्तर ठरलेले, "शंभर टक्के!" शब्दांना खर्च येत नाही, म्हणून माणूस सढळ हाताने उधळतो.

पण तुकडीची रीत होती: मोकळं म्हणेल त्याने मालकासमोर आधी चालून दाखवायचे.

मालकीणबाई कडेला उभ्या होत्या. त्यांचा नवरा याच शेतात सुरुंगावर पाय पडून गेला होता. तेव्हापासून जमीन पडीक होती.

ऑपरेटरने बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची. मग न वाजलेला फोन कानाला लावला.

"कुणाचा हो?" मुकादमाने विचारले.

"ऑफिसचा."

"सांगा त्यांना, पायांना मुंग्या आल्यात म्हणून."

तुकडी खिदळली. पडद्यावर फिरणारी बोटे वेगळी आणि मातीवर पडणारे पाय वेगळे, हे त्याला आज कळत होते.

तेवढ्यात बाईंनी चपला काढल्या आणि त्या शेतात उतरल्या.

"मावशी, थांबा!" तो ओरडला.

बाई वळल्या. "का हो साहेब? शंभर टक्के ना?"

"हो... म्हणजे... तसं..."

"मग या की मागून."

तो निघाला. माती भुसभुशीत होती. बाईंच्या अनवाणी पावलांचे ठसे स्वच्छ उमटत होते आणि तो नेमका त्यांतच बूट ठेवत होता. उंच माणूस, पण लहान मुलासारखी तोकडी पावले टाकत होता.

मध्यावर बाईंनी मागे पाहिले. आधी त्याच्या पायांकडे, मग तोंडाकडे. त्यांनी टोमणा मारला असता तर हिशेब तिथेच मिटला असता. पण त्या पुढे वळल्या आणि त्याला सोपे जावे म्हणून जरा लांब ढांगा टाकू लागल्या.

कडेला मुकादमाने शेत मोकळं झाल्याचा नेहमीचा फोटो घ्यायला फोन काढला, शेताकडे पाहिले आणि तो पुन्हा खिशात ठेवला.

दोन माणसे चालत गेली होती. मातीत पावलांची रांग एकच होती.