सात नंबरची म्हातारी

रान भाजायचं तर आधी वाऱ्याला विचारावं लागतं. मार्चच्या त्या सकाळी वारा दक्षिणेचा होता, दुपारी फिरणार होता, आणि मला घाई होती. घाईने माझं आजवर कधी भलं केलेलं नाही, पण अक्कल येईल तर ना.

आमच्या इलिनॉयच्या राखीव रानात ओकखालचं गवत दर दोन-तीन वर्षांनी जाळावं लागतं, नाहीतर झुडपं ओकच्या रोपांना वर येऊ देत नाहीत. खाली दलदल. तिथली कासवं चिखलात झोपलेली असतानाच हे उरकायचं. त्यांच्या पाठीवर आम्ही बारीकसे ट्रान्समीटर चिकटवतो. सिग्नल पाण्यातून आला की काडी लावायची.

या कामात माझ्या जोडीला वर्ना, वय चौऱ्याहत्तर. सात नंबरच्या मादीच्या कवचावर तिने तरुणपणी स्वतः कानशीने ओळखीची खाच पाडली होती. पुढे नवरा गेला, मुलगी लांब राहायला गेली, पण सात नंबर दर वर्षी वर यायची. त्या दलदलीतली अंडी घालणारी तेवढी एकच मादी उरली होती. वर्ना तिला म्हातारी म्हणायची.

मी अँटेना फिरवली. टिक, टिक. नोव्हेंबरात होती त्याच जागेवरून.

"म्हातारी अजून लोळतेय," मी म्हणालो.

"आठवडाभर कडक ऊन आहे, वेंडेल. उबेला वर आली असेल तर? मी उतारावरून एक चक्कर मारून येते."

"गुडघा बघ आधी तुझा. सिग्नल पाण्यात आहे म्हटलं ना. तू परत येईपर्यंत वारा फिरेल."

"बरं बाबा. आज हुकूम तुझा."

जाळ झकास चालला. अर्ध्या तासात उतार काळा झाला. मग धुमसणारी खोडं विझवत आम्ही खाली निघालो. मोठ्या ओकपाशी वर्ना थांबली आणि तशीच राखेत बसली. एरवी त्या दुखऱ्या गुडघ्यामुळे ती कधी खाली बसत नाही.

कवच काळं पडलं होतं. मान ताणलेली, तोंड दलदलीकडे. पाणी वीस पावलांवर होतं. पाठीवर ट्रान्समीटर नव्हता. वर्नाने हातमोजा काढला आणि कडेची खाच बोटाने चाचपली.

"चिखलात गळून पडला असणार," ती म्हणाली. "जूनमध्ये मीच चिकटवला होता. हात कापतात माझे. तुला किती वेळा सांगितलं, आता माझ्याच्याने होत नाही."

ऑगस्टमध्ये तो सैल झालेला मला दिसला होता. मी एकटाच होतो. जुना गोंद खरवडून नवा लावला. तासभर वाळू द्यायचा असतो, मी दहा मिनिटांत तिला पाण्यात सोडून दिलं. का, तर डास चावत होते. बाकी काही कारण नाही. वहीतसुद्धा लिहिलं नाही.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही.

"अगं, हात कुणाचाही कापतो," एवढंच बाहेर आलं. माझी मलाच किळस आली.

सोमवारी ती माझ्या दारात आली. अँटेना, कानस आणि रानाच्या फाटकाची किल्ली घेऊन.

"तू ठेव," म्हणाली. "तुझे हात अजून स्थिर आहेत."

मी ते सगळं घेतलं, आणि तिला गाडीपर्यंत सोडून आलो.