फुटलेलं मत

राजारामपुरीतल्या क्लासमधून शांभवी बाहेर पडली, तर दारातच एक पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूने एक सडसडीत तरुण घाईघाईने उतरला.

"शांभवी मॅडम न्हवं? बोरगिरीच्या? विमलाकाकींनी धाडलंय. तुमच्या सासूबाई गोठ्यात घसरून पडल्यात. चला लगेच."

शांभवीने पुढचं काही विचारलंच नाही. नवरा रुद्रेश दुकानाचा माल आणायला हुबळीला गेलेला. घरी सासूबाई, अक्काताई, एकट्या, आणि गोठ्यात म्हशी. ती मागच्या सीटवर जाऊन बसली. तिथे आधीच एक आडदांड माणूस होता. तो सरकून जागा देत म्हणाला, "बसा मॅडम, निवांत बसा."

तिने अक्काताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यात नवल नव्हतं, अक्काताई गोठ्यात जाताना मोबाईल घरातच ठेवून जायच्या.

वाघबीळला उजवीकडे कोडोली-वारणानगरचा रस्ता फुटतो. बोरगिरी त्याच रस्त्यावर. गाडी मात्र सरळ गेली, मलकापूरच्या दिशेने.

"अहो, वळायचं होतं तिथं!"

ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही, वेग वाढवला. शेजारच्या आडदांड माणसाने तिच्या हातातला मोबाईल अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा.

 शांभवीने दाराकडे पाहिलं, पळत्या रस्त्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर घट्ट दाबून धरले. ओरडून उपयोग नव्हता. काचा बंद होत्या.

"घाबरू नगा मॅडम," आडदांड माणूस म्हणाला. "तुमच्या सासूबाईंना कायबी झाल्यालं न्हाय. निवडणूक झाली की सांजच्याला घरी सोडतोय."

"गुंड्या, तोंड बंद!" ड्रायव्हर खेकसला.

पण शांभवीला कळायचं ते कळलं. अक्काताई धडधाकट होत्या, आणि हे आण्णांचं काम होतं.

बोरगिरीच्या दूध संस्थेत आज दुपारी नवा चेअरमन निवडायचा होता. आण्णा वीस वर्षं त्या खुर्चीवर होते. गावातल्या म्हशींची धार काढणार बायका, दूध डेअरीला घालणार बायका, आणि फॅट मोजायच्या यंत्राचा आकडा दिसणार फक्त आण्णांच्या माणसाला. या वेळी विमलाकाकी उभ्या राहिल्या होत्या. अकरा संचालकांपैकी पाच आण्णांकडे होते, सहा काकींकडे. त्या सहांत शांभवी होती. ती पोचली नाही तर पाच-पाच होणार आणि चिठ्ठी टाकावी लागणार. आण्णांच्या राज्यात चिठ्ठी कुणाच्या नावाची निघते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

मलकापूर ओलांडल्यावर गाडी एका कच्च्या रस्त्याला लागली आणि बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडपाशी थांबली. आत कोंबड्यांचा जुना वास अजून मुरलेला होता. गुंडूने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तीसुद्धा आपल्या रुमालाने पुसून. ड्रायव्हर दारात उभा राहिला. गुंडू त्याला सम्राट म्हणत होता.

"हितं गप बसायचं," सम्राट मोठ्या आवाजात म्हणाला. "आरडाओरडा केला तर माझ्यागत वाईट कोण न्हाय!"

शांभवी खुर्चीवर बसली आणि त्याच्याकडे नीट बघू लागली. रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिने शेकडो पोरं पाहिली होती. ज्याला उत्तर येत नसतं, तो आवाज चढवतो. या सम्राटला दिलेल्या कामापलीकडचं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त काय करायचं तेवढं सांगितलं होतं, कुणाचं मत कुणाकडे ते नाही. आणि रुमालाने खुर्ची पुसणारा गुंडू तिला हात लावणार नव्हता.

पळून जाणं शक्य नव्हतं. रस्ता लांब, दोघंही तरणे. मग या दोघांनीच आपल्याला परत न्यायला हवं, असं तिच्या मनात आलं. आणि तो विचार आल्यावर तिची भीती पुरती गेली नाही, पण बाजूला सरकून बसली.

ती हसली. अगदी मोकळं हसली.

"काय झालं हसायला?" सम्राटने विचारलं.

"हसू नको तर काय करू? पावणं, आण्णांनी स्वतः सांगितलं तुम्हाला मला उचलायला?"

सम्राटने नजर दाराबाहेर वळवली.

"म्हणजे आण्णांशी बोलणंच झालेलं नाही. धवलनं सांगितलं असणार."

धवल हा आण्णांचा पुतण्या, त्यांची सगळी धावपळ करणारा. नाव काढताच गुंडूने सम्राटकडे पाहिलं. एवढं पुरेसं होतं.

"अरे, मी काल फुटले की!" शांभवी म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हणजे माझं मत आण्णांना हाय. काल सांजच्याला आण्णा आमच्या घरी आलते. सासूबाईंसमोर बोलणं झालं, शब्द दिला. आता सहा इकडं आणि पाच काकींकडं. तुम्ही आण्णांचंच मत उचलून आणलंय, बाबांनो."

सम्राटने हात झटकला. "कायबी सांगू नगा. फुटला असता तर आज क्लासला कशाला आला असता?"

"आण्णांनीच सांगितलं. रोजच्यासारखं क्लासला जा, काकींच्या माणसांना वास लागायला नको. डायरेक्ट मीटिंगला या."

ती हे इतकं सहज बोलली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. यातलं अर्धं खरंही होतं. आण्णा काल खरोखरच घरी आले होते. चहा घेतला, अक्काताईंच्या तब्येतीची चौकशी केली, मत मागितलं. शांभवीने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. तरी उंबऱ्याबाहेर पडल्यावर चार माणसांना दिसावं म्हणून ते मोठ्याने हसत हसत गेले होते.

गुंडू डोकं खाजवत म्हणाला, "सम्राट, ह्ये खरं असलं तर? आण्णा पडले तर आपली कातडी सोलतील."

"लबाड बोलतीय रं ती."

"मग विचारा की!" शांभवी ताडकन म्हणाली. "धवललाच विचारा, आण्णा काल आमच्या घरी गेलते का म्हणून. एवढंच विचारा. बाकी काही बोलू नका त्याच्याजवळ."

"का बोलायचं न्हाय?"

ती जरा थांबली. या थांबण्यावर सगळं अवलंबून होतं.

"मला एक कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आण्णा आमच्या घरी आले ते साऱ्या गल्लीनं बघितलं. धवलला ठाऊक नसेल? ठाऊक असून त्यानं मला उचलायला लावलं असेल, तर त्याच्या मनात काय आहे? आण्णा खुर्चीत असेपर्यंत पुतण्याला कोण विचारतंय? फुटायला काय, मी एकटीच आहे होय गावात?"

 कोल्हापूरच्या मुलखात माणूस एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवला यावर विश्वास ठेवणार नाही, पण अमका रातोरात फुटला म्हटलं की लगेच ठेवेल.

सम्राटने मोबाईल काढला. "स्पीकरवर लाव," गुंडू म्हणाला.

 धवल शहाणा निघाला, नीट बोलला, तर संपलं.

"काय रं?" पलीकडून धवलचा आवाज आला. "बाई हाय न्हवं ताब्यात?"

"हाय की. दादा, एक विचारायचं होतं. आण्णा काल मॅडमच्या घरी गेलते व्हय?"

 धवल सावध होऊन म्हणाला, "गेलते. तुला कुणी सांगितलं?"

"आसंच कळलं. मी म्हंतो, एकदा आण्णांना विचारून..."

"आण्णांना फोन लावायचा न्हाय!" धवल एकदम ओरडला. "कळलं का? त्यांचं नावसुद्धा घ्यायचं न्हाय. बाई काय वाट्टंल ते सांगंल. मीटिंग संपल्याबिगर तिला सोडायचं न्हाय. बास!"

फोन बंद झाला.

धवल त्याच्या परीने बरोबरच बोलला होता. असल्या कामात वरच्या माणसाचं नाव येऊ द्यायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती. पण शेडमधल्या दोघांना त्याचा प्रत्येक शब्द आता वेगळाच ऐकू आला होता.

"आयला," गुंडू हळूच म्हणाला. "फुटलाय की ह्यो."

 आता बोलणं धोक्याचं होतं. शांभवी नुसती घड्याळाकडे बघत राहिली आणि मग, जणू आपल्याला काही घेणंदेणं नाही अशा आवाजात म्हणाली, "थोडा चहा मिळेल का? आता इथंच बसायचं आहे तर."

"च्या कसला मागताय!" सम्राट गाडीच्या किल्ल्या काढत म्हणाला. "उठा. मीटिंगला पोचायचं हाय."

परतीच्या वाटेवर सम्राटने गाडी अशी हाणली की गुंडू देवाचं नाव घेऊ लागला. वळणावर ऊस भरलेले ट्रॅक्टर पुढे आले की सम्राट हॉर्नवरचा हात काढत नव्हता. "आण्णांना सांगा मॅडम," तो पुनःपुन्हा म्हणत होता, "सम्राटनं वेळेवर पोचवलं म्हणून. धवलचं काय ते नंतर बघू."

"सांगते की. तुमचं नाव घेऊन सांगते," शांभवी म्हणाली.

वाघबीळला गाडी कोडोलीकडे वळली तेव्हा तिने पहिल्यांदा मान मागे टेकवली. पण मोबाईल मागितला नाही. तो गुंडूच्या खिशात होता आणि तिथेच असलेला बरा होता.

संस्थेच्या फाटकावर दोन पोलीस उभे होते. आत फक्त संचालकांना सोडत होते. "आम्ही हितंच थांबतो," सम्राट म्हणाला. "आण्णांना सांगायला इसरू नगा." ती मान हलवून आत गेली.

 फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत तिच्या मनात एकच प्रश्न होता, आधी तक्रार करायची की आधी मत द्यायचं? पोलिसांना आत्ता सांगितलं तर गोंधळ होईल, मीटिंग पुढे ढकलतील, आणि पुढच्या वेळी आण्णा जास्त हुशार माणसं पाठवतील. तिने ठरवलं, आधी मत.

सभागृहात निबंधक कार्यालयाचे अधिकारी हजेरी घेत होते. विमलाकाकी रडवेल्या होऊन दाराकडे बघत बसल्या होत्या. शांभवी दिसताच त्या उठून उभ्याच राहिल्या. आण्णा समोर चहाचा कप धरून होते. कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नमस्कार आण्णा," शांभवी म्हणाली. "उशीर झाला का?"

"न्हाय न्हाय," आण्णा कसेबसे म्हणाले. "या की, बसा."

दुसरं बोलणार तरी काय? तू इथे कशी, असं विचारायची सोय नव्हती.

हात वर करून मतदान झालं. आण्णांच्या नावाला पाच हात. काकींच्या नावाला सहा. शांभवीने हात सगळ्यांत शेवटी खाली घेतला. अधिकाऱ्यांनी विमलाकाकी निवडून आल्याचं जाहीर केलं, सह्या झाल्या, आणि मगच ती उभी राहिली.

"साहेब, मला सगळ्यांसमोर सांगायचंय. आज मला खोटं सांगून पळवून नेलं होतं. नेणारे दोघं बाहेर पांढऱ्या गाडीत बसलेत. माझा मोबाईल त्यांच्यातल्या एकाच्या खिशात आहे."

दोघं पळालेही नाहीत. आण्णा बाहेर येऊन पाठ थोपटतील म्हणून ते फाटकापाशी वाट बघत होते. पोलिसांनी गुंडूच्या खिशातून मोबाईल काढला तेव्हा त्याने शांभवीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता अचंबा होता.

"मॅडम, म्हंजी तुमी फुटलाच न्हवता व्हय?"

"न्हाय रे गुंडू," ती म्हणाली.

तिला त्याचं थोडं वाईट वाटलं. पण जबाबात तिने एक शब्द कमी केला नाही. खुर्ची पुसली हे सांगितलं, आणि मोबाईल काढून घेतला हेही सांगितलं.

घरी पोचल्यावर अक्काताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मी पडले म्हणून सांगितलं त्या मुडद्यांनी? आणि तू इश्वास ठेवलास? अगं, मी म्हशीला पाडंन!"

शांभवी हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.  अक्काताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मग गरम भाकरी वाढून समोर बसल्या, ताट संपेपर्यंत उठल्या नाहीत.

सम्राटने दुसऱ्याच दिवशी धवलचं नाव सांगितलं. "आम्हाला फसवलं त्यानं," असं तो पोलिसांपुढे तावातावाने म्हणाला म्हणे; त्याची अजूनही तशीच समजूत होती. धवल थोडे दिवस टिकला आणि मग त्याने आण्णांचं नाव घेतलं. खटला चालू आहे. आण्णा जामिनावर आहेत, पण गावात फारसे दिसत नाहीत. संचालकपदाचा राजीनामा त्यांनी मुलाच्या हातून पाठवून दिला.

त्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली. जागा काही महिलांसाठी राखीव नव्हती. तरी शांभवी दूध घालायला गेली तेव्हा रांगेतल्या बायडाबाईने तिला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, उभं ऱ्हायाचं म्हंजी पहिलं काय करावं लागतं?"

"पहिलं?" शांभवी किटली खाली ठेवत म्हणाली. "पहिलं घरात सांगायचं की मी उभी राहणार आहे. मग बाकीचं मी बघते."